पऱ्हाटीच्या वाटेनं सव्हाना

आई-बाबा अकोटहून अटलांटाला आले ते जूनच्या शेवटी. ऑगस्ट उजाडला तरी "अमुक एक पाहायचंय" असं बाबा एकदाही म्हणाले नव्हते. नायगारा दाखवला, तर "पानी लय हाय" एवढंच. न्यूयॉर्कची आठवण काय, तर मान दुखली. मग एका दुपारी माझ्या आठवीतल्या लेकीचं जॉर्जियाच्या इतिहासाचं पुस्तक त्यांनी चाळायला घेतलं आणि एका चित्रापाशी थांबले. लाकडी पेटी, आत काटेरी रूळ, बाजूला फिरवायची मूठ.

"हे तं जिन हाय."

बाबांची ३४ वर्षं अकोटातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. आमच्याकडं कोणी फॅक्टरीत जात नाही, जिनात जातो. तो शब्द म्हणजे इंग्रजी 'एंजिन'चं उरलेलं शेपूट, आणि कापसातून सरकी काढणारं ते यंत्र एलाय व्हिटनीनं १७९३ साली सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह नावाच्या मळ्यावर बनवलं, हे लेकीनं आजोबांना वाचून दाखवलं. बाबांनी पुस्तक मिटलं, पण बोट आत तसंच ठेवून.

"इथून किती दूर हाय हे?"

अडीचशे मैल. म्हणजे ४०० किलोमीटर, गाडीनं चार तास. इतकी वर्षं इथं राहून आम्ही गेलो नव्हतो. एकदा मार्चमध्ये जायचं ठरवलं होतं, पण हॉटेलांचे दर तिप्पट दिसले. चौकशी केल्यावर कळलं की १७ मार्चला तिथं सेंट पॅट्रिकची मिरवणूक असते, देशातल्या मोठ्यात मोठ्या मिरवणुकांपैकी एक, आणि लोक वर्षभर आधी खोल्या अडवून ठेवतात. तेव्हा सोडून दिलेला बेत आता बाबांच्या एका प्रश्नावर पुन्हा निघाला.

पहिली तारीख मी धरली सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. ही माझी चूक. उकाडा कमी होतो, गर्दी नसते, दर उतरतात, हे सगळं बरोबर. पण दर का उतरतात याचा विचार केला नाही. अटलांटिक किनाऱ्यावर सप्टेंबर हा चक्रीवादळांचा ऐन हंगाम. २७ तारखेचं बुकिंग होतं आणि २६च्या रात्री हेलीन फ्लोरिडात आदळून जॉर्जियातून वर सरकलं. घर देणाऱ्यांनी कळवलं की इमारत सुरक्षित आहे, सबब पैसे परत मिळणार नाहीत. आठ दिवस पत्रापत्री करून निम्मे सुटले. तेव्हापासून माझा नियम झालाय: जून ते नोव्हेंबरमध्ये किनाऱ्याकडं जायचं असेल तर दहा-वीस डॉलर जास्त पडले तरी चालतील, पण आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येणारी खोलीच घ्यायची.

दुसरी तारीख बाबांनी ठरवली. त्यांनी विचारलं, "इकडं वेचनी कधी राह्यते?" मला काय माहीत! शोधलं. जॉर्जिया कापसात टेक्सासच्या खालोखाल देशात दुसरा, आणि इथं कापूस निघतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. बाबांनी कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या मधोमध बोट ठेवलं. शुक्रवार १५ ते रविवार १७. आईनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "अवं, त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा हाय. माह्या वातीचं काय?"

त्रिपुरवात म्हणजे साडेसातशे वातींचा जुडगा. आईनं तो अकोटात वळून, डब्यात घालून, दोन विमानं बदलून आणला होता. म्हटलं, वातीही नेऊ.

खोली शोधणं हे या सगळ्यात सर्वांत किचकट काम निघालं, कारण बाबांचे गुडघे. सव्हानाचा जुना भाग फोटोत सुंदर दिसतो, पण तिथली घरं उंच जोत्याची. रस्त्यावरून दहा-बारा पायऱ्या चढल्यावर दार येतं. जुन्या वाड्यांच्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही, आणि संकेतस्थळावर ते ठळक लिहिलेलं नसतं. 'गार्डन लेव्हल' असा शब्द दिसला तर समजायचं की जोत्याखालचा मजला, अर्धा तळघर. मी भुलले होते बागेला. तीन ठिकाणी फोन करून एकच प्रश्न विचारला: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? तिसऱ्या ठिकाणच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "दोन." तीच घेतली, गार्डन लेव्हलच. छत बुटकं, पण मागं विटांचं अंगण होतं. दिसतो त्या दरावर विसंबू नका. कर चढतात, रात्रीला ५ डॉलर राज्याची पट्टी वेगळी, आणि जुन्या भागात गाडी लावायचे पैसे त्याहून वेगळे. आमच्या २४० डॉलरच्या रात्रीचे तीनशेवर गेले.

दापोलीची एक मैत्रीण अटलांटातच राहते. तिला सहज बेत सांगितला तर म्हणाली, "अगो, पौर्णिमेला समुद्रावर निघालीस? उधाण बघून जा." आम्ही वऱ्हाडातली माणसं. आमच्यासाठी पौर्णिमेला फक्त चंद्र असतो. तिच्यामुळं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि डोळे उघडले. सव्हाना शहर नदीवर आहे. खरा समुद्र टायबी बेटावर, पूर्वेला २९ किलोमीटर. मध्ये खारट दलदल आणि तिच्यातून जाणारा एकच रस्ता, हायवे ८०. इथं भरती-ओहोटीत सात फुटांच्या आसपास फरक पडतो, आणि शरद ऋतूतल्या मोठ्या उधाणांना तो रस्ता पाण्याखाली जातो. आमच्या शनिवारी सकाळी आठच्या आगेमागे भरती होती. म्हणजे मी ठरवलेलं 'पहाटे निघून सूर्योदय' हे पाण्यातच गेलं असतं. निघायची वेळ अकरा केली.

शुक्रवारी पहाटे निघालो. मेकनपर्यंत हायवे ७५, तिथून १६. हा सोळा नंबरचा रस्ता कंटाळवाणा म्हणून बदनाम आहे. सरळ रेष, दोन्ही बाजूंना पाइन, पेट्रोलपंप लांब लांब. वाटेत उताराच्या रस्त्यांवर रेल्वे फाटकासारखी फाटकं दिसतात. किनारा रिकामा करायची वेळ आली की समुद्राकडं जाणाऱ्या मार्गिकाही उलट्या फिरवतात, त्यासाठी ती. त्या वर्षी पाइनची झाडं जागोजाग कंबरेत मोडलेली होती. हेलीनची खूण. आई मोडलेल्या झाडांकडं पाहून हळहळत होती आणि तेवढ्यात बाबा ओरडले. बाबा ओरडत नाहीत.

"थांबव!"

हायवेवर थांबता येत नाही, म्हणून पुढच्या फाट्यानं उतरलो. रस्त्याच्या कडेपासून पार झाडीपर्यंत पांढरं. पानं नाहीत, पानं झडावीत म्हणून आधी औषध फवारतात, त्यामुळं काड्या आणि बोंडं एवढंच. लांबवर एक हिरवं यंत्र सहा ओळी एकदम गिळत चाललं होतं आणि थोड्या थोड्या वेळानं मागून पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक भलामोठा गोळा टाकत होतं. एकेक गोळा दोन हजार किलोंच्या घरातला.

बाबा कुंपणाशी उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "एक बाई दिसून नाही राहिली वं वावरात."

आमच्याकडं वेचणीच्या मुहूर्ताला सीतादही करतात. वावरात पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य, आणि मग बाया कमरेला ओटी बांधून ओळी धरतात. बाबांच्या डोक्यात कापूस म्हणजे त्या बाया, त्यांचा आवाज, संध्याकाळचं वजन आणि मजुरीवरची घासाघीस. इथं एक माणूस, तोही काचेच्या आत. मी त्यांना सांगितलं की इथंही एके काळी वावरं माणसांनी भरलेली असायची, पण त्यांना मजुरी नव्हती. त्यावर ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "तुह्या पोरीच्या पुस्तकात हे हाय का?"

आहे. पुढचे दोन दिवस लेकच आमची वाटाडी होती. १७३३ साली जेम्स ओगलथोर्पनं हे शहर वसवलं. यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची यानं त्याला नदीकाठचं टेकाड वापरू दिलं. शहराचा नकाशा आधी काढलेला: मध्ये चौक, भोवती घरांच्या ठरावीक ओळी, आणि असे पेठेमागून पेठ जोडत जायचे. २४ चौक झाले, त्यातले २२ उरलेत. या चौकांचा माझ्या नियोजनाला अनपेक्षित फायदा झाला. दर दोन-तीन मिनिटांवर सावली आणि बाक. बाबा एका चौकातून दुसऱ्या चौकात, बाकावरून बाकावर, अख्खं शहर चालले. मी ट्रॉलीची तिकिटं काढायच्या बेतात होते, बरं झालं नाही काढली. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: चपला जाड तळाच्या घ्या, कारण ओकच्या मुळांनी विटांचे पदपथ उचललेत.

ओकच्या फांद्यांवरून राखाडी झिपऱ्या लोंबतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात; त्या स्पॅनिश नाहीत आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. आईनं एक नजर टाकून निकाल दिला: "जोगत्याच्या जटा."

शुक्रवारी साडेपाचलाच अंधार पडला. घड्याळं नुकतीच मागं गेली होती, हे मी हिशेबात धरलं नव्हतं, त्यामुळं संध्याकाळचं नदीकाठाचं फिरणं रद्द. त्याऐवजी अंगणात त्रिपुरवात. भिंतीवर पाटी होती: आत मेणबत्ती लावू नये. रागावण्यात अर्थ नाही. १७९६ आणि १८२० अशा दोन आगींत या शहराचा मोठा भाग जळलेला आहे. घरमालकीणबाईंना फोन करून विचारलं. धार्मिक आहे, पंधरा मिनिटं, विटांवर, शेजारी पाण्याची बादली. त्या स्वतःच पाहायला आल्या. साडेसातशे वातींचा जुडगा तुपात भिजून पेटला तेव्हा ज्योत चांगली हातभर झाली. बाईंनी विचारलं, हे कशाचं आहे? आई म्हणाली, "कॉटन. अकोट." आणि दोघी एकमेकींकडं पाहून हसल्या, जणू काही सगळं सांगून झालं.

शनिवारी हायवे ८० कोरडा होता, कडेच्या गवतात मात्र पाणी चमकत होतं. टायबीच्या अलीकडं फोर्ट पुलास्की. माझ्या यादीत हा किल्ला 'वेळ उरला तर' या रकान्यात होता. आम्ही तिथं अडीच तास काढले.

सुमारे अडीच कोटी विटांचा किल्ला, सभोवती खंदक. अभेद्य मानला जायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १० एप्रिल १८६२ला, उत्तरेच्या सैन्यानं टायबीवरून नव्या, आतून आटे पाडलेल्या तोफा डागल्या आणि तीस तासांत भिंतीला भगदाड पडलं. बुजवलेला भाग वेगळ्या रंगाच्या विटांमुळं ओळखू येतो, आणि काही गोळे अजून भिंतीत रुतलेले आहेत. बाबांना मी खंदकाच्या कठड्यापाशी बसवलं आणि पुढचं सांगितलं, कारण ते लेकीच्या पुस्तकात नाही. किल्ला पडला आणि सव्हाना बंदराचं तोंड बंद झालं. दक्षिणेची बाकीची बंदरं अशीच आवळली जात होती. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोचेना. लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडं तोंड वळवलं. भाव असे चढले की मुंबईत शेअरांचा सट्टा भडकला, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण वऱ्हाडातला कापूस इंग्रजांच्या नजरेत भरला तो भरलाच. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबवरून रेल्वेचा फाटा आला.

खामगावची रेल्वे म्हटल्यावर बाबा ताठ झाले. ती त्यांच्या ओळखीची.

"म्हंजे इथं गोळा पडला, अन् तिकडं माह्या पणज्यानं ज्वारी मोडून पऱ्हाटी पेरली."

पणजोबांनी नेमकं काय मोडून काय पेरलं याचा कागद आमच्याकडं नाही. पण वाद घालावा असं मला वाटलं नाही.

टायबीवर समुद्र पाहिला, आईनं पाय भिजवले, शंख वेचले. एवढंच. अंधाराच्या आणि संध्याकाळच्या भरतीच्या आत परत.

जेवणाचं लिहायलाच हवं, कारण शाकाहारी माणसांना इथं सावध राहावं लागतं. ही कोळंबी आणि डुकराच्या मांसाची भूमी. हिरवी पालेभाजी मागवली तर ती बहुधा डुकराच्या हाडाबरोबर शिजलेली. तांबड्या भातात सॉसेज. एका ठिकाणी 'भाजीच आहे' असं वाढप्यानं तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा, "थोडं बेकन आहे, चवीपुरतं." त्यापेक्षा स्पष्ट विचारावं: मांसाचा रस्सा, चरबी, बेकन, यातलं काही आहे का? आईला शेवटी ग्रिट्स आवडले. "कन्याच हाय त्या. आपल्या जवारीच्या, ह्या मक्याच्या." दोन दिवस तिनं लोणी घालून कण्याच खाल्ल्या आणि वर माझ्या थेपल्यांना नावं ठेवली.

रविवारी सकाळी नदीकाठ. बे स्ट्रीट वर आणि रिव्हर स्ट्रीट खाली, मध्ये जहाजांतून आलेल्या वजनाच्या दगडांचे उतार आणि सरळसोट दगडी जिने. 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरा' असं तिथं लिहिलंय आणि ते गंमत म्हणून नाही. बाबांना लिफ्टनं खाली नेलं. पण त्यांना खालचं काही पाहायचंच नव्हतं. त्यांचं लक्ष वर, गोदामांच्या वरच्या मजल्यांना बे स्ट्रीटशी जोडणाऱ्या लोखंडी पुलांकडं. तो भाग फॅक्टर्स वॉक.

"फॅक्टर म्हंजे?"

"अडत्या."

बाबा मनापासून हसले. अडत्ये इथंही वरच उभे राहायचे. खाली गाड्या यायच्या, ते पुलावरून माल बघून भाव करायचे. पलीकडं १८८०च्या दशकातली कापूस बाजाराची लाल विटांची इमारत, समोर पंखांचा सिंह. आता तिथं फ्रीमेसन मंडळींची लॉज आहे. बोंडं पोखरणाऱ्या भुंग्यानं गेल्या शतकात इथला कापूस बसवला. आमच्या बोंडअळीहून तो किडा वेगळा, पण बाबांना तेवढा फरक मान्य नव्हता. "बोंड खाल्लं ना? मंग झालं." डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन यानं शहर घेतलं आणि लिंकनला तार करून ते नाताळची भेट म्हणून दिलं, सोबत सुमारे २५,००० गाठी कापूस, हे लेकीनं सांगताच त्यांनी खिशातून पेन काढलं. "यांची गाठ २१८ किलोची. आपली १७०ची." मी म्हटलं, ही आजची वजनं आहेत, तेव्हाची वेगळी असतील. तरी त्यांनी पावतीच्या पाठीवर गुणाकार केलाच.

नदीकाठीच एक पुतळा आहे: काळं कुटुंब, आई-बाप-मुलं एकमेकांना धरून, पायाशी तुटलेल्या साखळ्या. तो उभा राहिला २००२ मध्ये. मार्च १८५९ मध्ये या शहराजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं लिलावात विकली गेली होती. व्हिटनीचं यंत्र आलं तेव्हा देशात गुलाम होते ७ लाखांच्या आसपास. १८६०पर्यंत जवळपास ४० लाख. सरकी काढायचं काम सोपं झालं, म्हणून कापूस वाढला, म्हणून माणसं. सव्हानात रात्री भुतांच्या सहली निघतात, शववाहिनीतूनसुद्धा फिरवतात. आम्हाला चार जणांनी तिकिटं देऊ केली. त्या लिलावाचा पत्ता मात्र मलाच शोधावा लागला. बाबा त्या पुतळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. टोपी अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल संघाची होती, नातीनं दिलेली. मागून एक मालवाहू जहाज गेलं, इमारतींपेक्षा उंच, डब्यांवर डबे रचलेलं.

परतताना उकडलेल्या शेंगांची पाटी दिसली आणि यावेळी ओरडली ती आई. खारट, गरम, कागदी पिशवीतून पाणी गळणाऱ्या. दोन पिशव्या घेतल्या.

तिथंच, पंपाच्या मागच्या कच्च्या वाटेवर, वाहतुकीत सांडलेल्या कापसाची पुंजकी वाऱ्यानं कुंपणाला चिकटली होती. बाबांनी एक उचललं. नखानं सरक्या सोडवल्या, एक, दोन, तीन, चार. मग दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत रुई धरून ओढली, जुळवली, पुन्हा ओढली, आणि उन्हाकडं धरली. जिनात गिऱ्हाईक आलं की धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये अजमावायला ग्रेडर असंच करायचा, लहानपणी मी पाहिलेलं.

"एकोनतीस. तीस म्हना."

उरलेली रुई आईनं त्यांच्या हातातून काढून घेतली आणि तळव्यावर वळून पाहिली.

"वातीले बरी हाय."

सोमवारी कपडे धुतले. ड्रायरची जाळी साफ करताना धाग्यांच्या गुंत्यात तीन सरक्या निघाल्या. चौथी कुठं गेली ते बाबा सांगत नाहीत.